शाळेचे दप्तर आणि शाळेचे माजी विद्यार्थी



'दप्तर' म्हटले की शाळकरी मुलाच्या डोळ्यांसमोर पाठीवरची पिशवी येते. हाच शब्द कचेरीत गेला की त्याचा अर्थ बदलतो. तेथे दप्तर म्हणजे जपून ठेवलेले कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातले कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीतही असेच एक दप्तर असते. त्यात हजेरीपट असतात, निकालपत्रके असतात, टी.सी.ची पुस्तके असतात, आणि सर्वांत खाली, जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली एक वही असते. तिला आपल्याकडे दाखिल-खारिज किंवा स्कॉलर रजिस्टर म्हणतात, महाराष्ट्रात जनरल रजिस्टर. या पाठात आपण त्या वहीपासून सुरुवात करणार आहोत, आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी काय करावे या जुन्या प्रश्नापर्यंत जाणार आहोत.

हा प्रश्न आपल्या भागात दरवर्षी दोनदा तरी निघतो. दिवाळीत आणि लग्नसराईत. नागपूर, गोंदिया, भिलाई, पुणे अशा ठिकाणी गेलेली मंडळी खैरलांजीला येतात, संध्याकाळी शाळेच्या बाजूने फेरी मारतात, आणि कोणीतरी म्हणतो, "शाळेसाठी काहीतरी केले पाहिजे." सगळे मान डोलावतात. 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे ठरायच्या आत सुटी संपते. ठरलेच तर बहुधा प्रवेशद्वाराची कमान ठरते, कारण कमानीवर नावे कोरता येतात. कमान वाईट नाही. पण शाळा जपायची म्हणजे काय जपायचे, याचा विचार कमानीच्या आधी व्हायला हवा. त्यासाठी आपण दोन प्रसिद्ध शाळांकडे पाहू.

पहिली साताऱ्याची. राजवाडा चौकातल्या जुन्या वाड्यात भरणारी ही सरकारी इंग्रजी शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका निवृत्त सुभेदाराचा नऊ वर्षांचा मुलगा या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरमध्ये त्याचा अनुक्रमांक पडला १९१४ आणि नाव लिहिले गेले भिवा रामजी आंबेडकर. १९०४ पर्यंत तो तेथे शिकला. हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे सांगायला नकोच. नोंद करणाऱ्या कारकुनासाठी ते एक रोजचे काम होते. वरच्या आणि खालच्या ओळीतल्या मुलांची नावे त्याने जितक्या काळजीने लिहिली तितक्याच काळजीने हेही लिहिले, आणि पुढे शाळेने ती वही सांभाळली. साताऱ्यातले नागरिक हा दिवस साजरा करू लागले, आणि २०१७ साली महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर हा दिवस सर्व शाळांमधून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचे ठरवले.

हे कशामुळे शक्य झाले, याचा जरा विचार करा. वाडा तर राहिलाच असता. पण वही वाळवीने खाल्ली असती, तर 'बाबासाहेब याच शाळेत शिकले' एवढे तोंडी वाक्य उरले असते. तारीख उरली नसती, अनुक्रमांक उरला नसता, नाव कसे लिहिले गेले होते तेही कळले नसते. त्यांच्या आडनावाविषयी आजही अनेक कथा सांगितल्या जातात; अशा वेळी शाळेच्या नोंदीत काय आहे, हे पाहता येते. कागद हा अशा वादात सर्वांत शांत साक्षीदार असतो.

साताऱ्याच्या याच शाळेचा पट मधल्या काळात बराच खालावला होता, हेही सांगितले पाहिजे. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव जोडलेले असूनही आसपासचे पालक मुलांना दुसरीकडे घालत होते. प्रसिद्धीने शाळेला पाहुणे मिळतात. विद्यार्थी मिळतीलच असे नाही.

दुसरी शाळा राजकोटची, म्हणजे गुजरातेतली. १८५३ साली सुरू झालेली ही शाळा आल्फ्रेड हायस्कूल म्हणून प्रसिद्ध होती. महात्मा गांधी येथूनच १८८७ साली मॅट्रिक झाले. स्वातंत्र्यानंतर शाळेला मोहनदास गांधी यांचे नाव दिले गेले. पण पट घटत गेला, आणि २०१७ साली शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा सव्वाशेच्या आसपास मुले तेथे शिकत होती. त्यांना दाखले देऊन दुसऱ्या शाळांत पाठवण्यात आले. इमारतीची उत्तम डागडुजी झाली आणि २०१८ साली तेथे गांधीजींच्या जीवनावरचे संग्रहालय उघडले. दगडी इमारत आज पूर्वीपेक्षा देखणी आहे. तिच्यात घंटा होत नाही एवढेच.

संग्रहालय करू नये असे आमचे म्हणणे नाही. पण या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. इमारत, दप्तर आणि भरलेले वर्ग या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. एक जपली म्हणून दुसरी आपोआप जपली जात नाही. राजकोटला इमारत राहिली आणि वर्ग गेले. माजी विद्यार्थ्यांचा ओढा साहजिकच इमारतीकडे असतो, कारण आठवणी तिला चिकटलेल्या असतात. आमच्या मते आपल्या भागात सर्वांत आधी धावून जायला हवे ते दप्तराकडे, कारण पैसा उद्या मिळेल, भिंत परवा बांधता येईल, पण एकदा गेलेले रजिस्टर पुन्हा लिहिता येत नाही. आणि आपल्याकडे त्याची गरज साताऱ्याहून निराळी आहे.

ती कशी, ते पाहू. मध्य प्रदेशात जातीचा दाखला काढायला गेले की कुटुंब किती जुने रहिवासी आहे, याचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी हे वर्ष १९५० आहे, इतर मागासवर्गासाठी १९८४. म्हणजे आज नववीत शिकणाऱ्या मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल, तर त्याच्या आजोबा-पणजोबांचा त्या काळातला कागद शोधावा लागतो. ज्यांच्याकडे शेतीचा जुना कागद आहे त्यांचे भागते. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्याकडे काय असते? असलीच तर शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ. नाव, बापाचे नाव, गाव, जात, जन्मतारीख. भूमिहीन माणसासाठी शाळेचे रजिस्टर हाच सातबारा आहे.

आपला भाग सीमेवरचा, म्हणून गुंता आणखी वाढतो. १९५० साली 'मध्य प्रदेश' हे नाव ज्या राज्याला मिळाले त्याची राजधानी नागपूर होती. जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड तो हाच. भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला. बावनथडी आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आपले सोयरे आहेत. तुमसरची लेक खैरलांजीला आणि खैरलांजीची लेक तुमसरला, हे पूर्वीपासून चालत आले. एखाद्या आजोबांचे प्राथमिक शिक्षण नदीच्या एका बाजूला आणि हायस्कूल दुसऱ्या बाजूला झालेले असू शकते. अशा कुटुंबाचा कागद शोधताना दोन राज्यांतल्या शाळांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

महाराष्ट्रातही अलीकडे याचा प्रत्यय आला. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची रजिस्टरेही उघडली गेली. काही मोडीत लिहिलेली, काही तुकडे पडत असलेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. वर्षानुवर्षे कपाटावर धूळ खात पडलेल्या वह्यांवर कुणाच्या तरी मुलाची नोकरी अवलंबून आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

इकडे २०१८ पासून 'एक परिसर एक शाळा' या धोरणाप्रमाणे एकाच आवारातल्या प्राथमिक, माध्यमिक शाळा एकत्र केल्या गेल्या. त्यानंतर सी.एम. राइज शाळा आल्या, त्यांना २०२५ पासून सांदीपनी विद्यालय म्हणतात. एकत्रीकरणाचे फायदे-तोटे हा मोठा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. पण जेव्हा दोन शाळांची एक शाळा होते तेव्हा बाके मोजली जातात, पंखे मोजले जातात. जुनी रजिस्टरे मोजली जातात का? घर बदलताना सर्वांत आधी जुने कागद रद्दीत जातात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. शाळा बदलतानाही तो धोका असतो. अशा वेळी गावात राहणाऱ्या चार माजी विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांना भेटून, कोणत्या वर्षापासूनची कोणती रजिस्टरे आहेत याची यादी करून ठेवली, तर ती कमानीपेक्षा मोठी देणगी ठरेल. यादीला खर्च एका वहीचा.

आता हे काम करायचे कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण चांगल्या हेतूने जुना कागद खराब केल्याची उदाहरणे पुष्कळ असतात.

पहिली अट अशी की मूळ रजिस्टर शाळेच्या बाहेर जाऊ नये. ते सरकारी दप्तर आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि शाळेतल्याच एका खोलीत, शाळेचा कोणी माणूस हजर असताना काम करावे. हात धुऊन कोरडे करावेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची जी सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती तेवढे दिवस घरी ठेवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये; काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडतो आणि खालची अक्षरे घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. त्यात कागद उष्णतेने भाजतो आणि पुन्हा मोकळा करता येत नाही. झेरॉक्सच्या यंत्रावर जाड वही उपडी दाबली की शिवण तुटते, म्हणून तेही टाळावे.

त्यापेक्षा मोबाइल बरा. टेबल खिडकीजवळ घ्यावे, ऊन थेट पडणार नाही असे. एकाने पान उलटावे, दुसऱ्याने वरून सरळ फोटो घ्यावा, फ्लॅश बंद ठेवून. तिसऱ्याने पानाचा क्रमांक मोठ्याने सांगावा आणि वहीत टिपावा. तिघे मन लावून बसले तर एका दुपारी एक रजिस्टर सहज होते. मग त्या फोटोंच्या तीन प्रती कराव्यात: एक शाळेच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात, आणि एक मुख्याध्यापक सांगतील त्या दुसऱ्या सुरक्षित जागी. पेनड्राइव्ह म्हणजे अमरपट्टा नव्हे. वर्षातून एकदा तो लावून, उघडून पाहावा लागतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. रजिस्टरच्या पानाचा फोटो वॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नये. 'बघा, आपला गण्या कोणत्या साली दाखल झाला' म्हणून टाकायचा मोह होतो. पण त्याच पानावर दुसऱ्या पंचवीस घरांची जात, जन्मतारीख आणि गाव असते. ती माहिती शाळेकडे विश्वासाने दिलेली आहे. ज्याची नोंद असेल त्याला किंवा त्याच्या वारसाला शाळेने रीतसर नक्कल द्यावी, इतरांनी पान चाळत बसू नये.

मूळ वह्यांसाठी लोखंडी कपाट हवे. ते भिंतीला अगदी टेकवून ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि वाळवी भिंतीतूनच चढते. कपाट विटांवर चार बोटे उचलून ठेवावे. वह्या सुती कापडात बांधाव्यात, पेशवे दप्तराच्या रुमालासारख्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला आणि पुरचुंडीत बांधून, कागदाला न लागेल असा. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की, सगळ्या वह्या एकदा सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात. उन्हात नको, शाई उडते. दसऱ्याला शस्त्रे पुजायची पद्धत आहेच. शाळेचे शस्त्र म्हणजे दुसरे काय!

दप्तराचे झाले. आता पैशाकडे वळू, कारण ते टाळून चालत नाही.

बाहेरगावी गेलेल्या माणसांनी गावासाठी पैसा कसा उभा करावा, याचे मराठी मुलखातले एक जुने आणि फार चांगले उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. कर्वे यांचे बालपण कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. तेथे सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. शाळेतल्या मुलाकडून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे असली कामे ते करून घेत. सार्वजनिक कामाची गोडी आपल्याला तेथे लागली, असे कर्वे यांनी आपल्या 'आत्मवृत्ता'त सांगितले आहे. त्या काळी पुढच्या परीक्षेची सोय जवळपास नव्हती. एका परीक्षेसाठी ते घाट चढून, शंभरावर मैल पायी चालत साताऱ्याला गेले आणि 'वय लहान दिसते' म्हणून परत पाठवले गेले. हे १८७५ च्या सुमाराचे.

पुढे कर्वे मुंबईला शिकले, १८८४ साली बी.ए. झाले, शिकवण्या करून पोट भरू लागले. स्वतःचे बस्तान नीट बसलेले नसताना, १८८६ साली, त्यांनी 'मुरूड फंड' सुरू केला. मुरूडहून बाहेर पडलेल्या चाकरमान्यांनी आपल्या कमाईचा थोडा भाग नेमाने द्यावा आणि त्यातून गावाच्या सार्वजनिक गरजा भागवाव्यात, ही कल्पना. यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, देणगी कमाईच्या प्रमाणात होती, त्यामुळे लहान पगाराच्या माणसाला लाज वाटायचे कारण नव्हते. दुसरी, ती नेमाची होती. एखाद्या वर्षी हजार आणि मग दहा वर्षे काही नाही, असे तिचे स्वरूप नव्हते. १८९३ साली कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावासाठी झटणाऱ्याला गाव कसे वागवते, त्याचाही हा एक धडा आहे. शंभरीत, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले तोवर मुरूडला त्यांचा अभिमान वाटू लागला होता.

मुरूड फंडाचा हिशेब आपल्या मापाने करून पाहू. चाळीस माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार होतात. ही रक्कम किती मोठी आहे ते कळण्यासाठी सरकारी अनुदानाशी ताडून पाहावी. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे ३० पेक्षा जास्त आणि १०० पर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला २५,००० रुपये संमिश्र अनुदान मिळते, २५० पर्यंत पट असेल तर ५०,०००. खडू, झाडू, विजेचे किरकोळ सामान, डागडुजी, सगळे त्यात. म्हणजे चाळीस जणांचा शंभराचा नेम हा एका मध्यम शाळेच्या वर्षाच्या अनुदानाइतका होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाचा तुटलेला नळ, पाण्याच्या टाकीची सफाई, वाचनालयात रोज येणारे एक मराठी आणि एक हिंदी वर्तमानपत्र, परीक्षेची फी भरू न शकणारी दोन मुले, या गोष्टी नेमाच्या पैशाने होतात. यांच्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून यांना देणगीदार मिळत नाहीत. नळ दुरुस्त नसेल तर मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेला येतच नाहीत. पट घटण्याची सुरुवात अशी होते, आणि राजकोटची गोष्ट आठवत असेल तर पट घटण्याचा शेवट कुठे होतो तेही आपण पाहिले.

अशा नेमाची उदाहरणे आणखी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत सेवक मंडळी आपल्या पगारातून कृतज्ञता निधी देतात, आणि त्यातले अनेक सेवक रयतचेच विद्यार्थी असतात. आपल्या शेजारी गोंदियाला मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच झालेल्या या माणसाने त्या काळच्या भंडारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांतून हायस्कुले उभी केली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुले त्या संस्थेच्या महाविद्यालयांत शिकली आहेत. ज्याला शाळा मिळाली नाही त्याने एवढे केले, तर ज्यांना मिळाली त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैसा गोळा करताना हिशेबाचा प्रश्न येतो आणि तेथेच बहुतेक मंडळे फुटतात. एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे, हा मार्ग मित्र गमावण्याचा आहे. सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तिची तरतूद आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. नववीपासून वरच्या वर्गांसाठीही व्यवस्थापन आणि विकास समिती असते. देणगी तिच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन द्यावी, पावती घ्यावी, आणि खर्चाचा कागद वर्षातून एकदा शाळेच्या फलकावर लागावा. सप्टेंबर २०२१ पासून केंद्र सरकारची 'विद्यांजली' ही योजना नव्या रूपात चालू आहे. तीत शाळा आपली गरज नोंदवते आणि माजी विद्यार्थी, निवृत्त माणसे किंवा कोणीही वस्तू वा वेळ देऊ करू शकते. प्राप्तिकराची सवलत हवी असणाऱ्यांनी, घेणाऱ्या संस्थेला तशी मान्यता आहे का ते आधी विचारावे. मान्यता असली तरी दोन हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर ती सवलत मिळत नाही.

येथे माजी विद्यार्थ्यांना एक प्रेमाची सूचना. शाळा आता तुमची नाही, ती आज शिकणाऱ्यांची आहे. मुख्याध्यापकांना हुकूम सोडू नयेत. 'आमच्या वेळी गुरुजी छडी मारत म्हणून आम्ही घडलो' हे भाषण मुलांसमोर करू नये. छडी आता कायद्याने बंद आहे आणि ती बंद झाली हे बरेच झाले. तुम्हाला सांगता येईल असे पुष्कळ आहे. रेल्वेत भरती कशी होते, परिचारिकेचे शिक्षण कुठे मिळते, बँकेच्या परीक्षेचा अर्ज कसा भरतात, नागपुरात स्वस्त आणि सुरक्षित वसतिगृह कुठे आहे, पहिल्या पगारापर्यंतचे दोन महिने कसे काढले. दहावीच्या मुलीला यातले एक वाक्यसुद्धा कमानीपेक्षा जास्त उपयोगी पडते. अशा गोष्टी तासभर बसून सांगणारे दहा जण वर्षभरात आले, तर पालकांनाही दिसते की या शाळेतून निघालेली मुले कुठेतरी पोचतात. मग ते आपले मूल दूरच्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवण्याआधी एकदा थांबून विचार करतील.

भाषेविषयीही दोन शब्द. आपल्याकडे घरात मराठी किंवा पोवारी, बाजारात दोन्हींची मिसळ, आणि शाळेत हिंदी. हिंदीबद्दल तक्रार नाही, तिने आपल्याला राज्यभर वाट करून दिली. पण घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी मुलांना मराठीत एक पत्र लिहिणे जड जाते. जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या आठवणी दोन पाने मराठीत लिहून या पत्रिकेकडे पाठवल्या, तर शाळेचा इतिहासही जमेल आणि मुलांना वाचायला आपल्याच गावची मराठी मिळेल. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका, ते आम्ही पाहून घेऊ. आठवण मात्र नेमकी हवी. 'ते सोन्याचे दिवस होते' असे लिहू नका. वर्गात किती मुले होती, मुली किती होत्या, पाणी कोठून आणत, पावसाळ्यात नाला भरला की कोण कोण शाळेला येऊ शकत नसे, फी किती होती, कोणत्या वर्षी वीज आली, हे लिहा.

स्वाध्याय: सातवी ते दहावीच्या मुलांनी पुढच्या अंकापर्यंत एवढे करावे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा की त्यांनी कोणत्या शाळेत, कोणत्या वर्षी नाव घातले आणि कोणत्या वर्षी शाळा सोडली. सोडली असेल तर का सोडली, तेही विचारा. आजीला हा प्रश्न विचारताना घाई करू नका. घरात जुना दाखला, गुणपत्रिका किंवा टी.सी. असेल तर त्यावर शाळेचे नाव कसे छापले आहे आणि कोणत्या भाषेत, ते वहीत उतरवून घ्या. मूळ कागद शाळेत आणू नका. शाळेचा जुना समूह-फोटो सापडला, तर त्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे, घरच्यांकडून विचारून घ्या आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पेनने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.